दुभाषी, इनचार्ज, घरची डॉक्टर: सगळं तूच का?

आदरणीय ताई,

मी मूळची कराडजवळची. पुण्यात नऊ वर्षं आयसीयूत काम केलं, त्यातली शेवटची तीन वर्षं इनचार्ज सिस्टर होते. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला आले, ओस्की, म्हणजे इथली नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा, पास झाले, पिन, म्हणजे नर्सचा नोंदणी क्रमांक, मिळाला. आता मिडलंड्समधल्या एका सरकारी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डवर बँड ५, म्हणजे नर्सच्या पहिल्या वेतनश्रेणीतली, स्टाफ नर्स आहे. मिस्टर आणि सहा वर्षांचा मुलगा नंतर आले. मिस्टर तिकडे इंजिनिअर होते, इथे वेअरहाऊसमध्ये दुपारी दोन ते रात्री दहा काम करतात.

कामाची मला सवय आहे, कामाला मी घाबरत नाही. पण मी नक्की कोण आहे हेच कळेनासं झालंय. सुरुवातीला साधं आयव्ही अँटिबायोटिक द्यायचं तरी कुणाची तरी सही लागायची. आता रात्री स्टाफ कमी असला की मलाच इनचार्ज करतात, पगार तोच. गुजराती किंवा पंजाबी पेशंट आला की मी ड्रग राउंडवर असले तरी डॉक्टर मला हाक मारतात. भारतातून नव्या मुली आल्या की त्यांची ओस्कीची तयारी, बँकेचं खातं, भाड्याची खोली, सगळं माझ्याकडे. घरी मुलाची शाळा, डबा, अभ्यास. तिकडे वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, खासगी सेंटरला, खर्च मी पाठवते. भाऊ पहाटे तीनला रिपोर्ट पाठवतो आणि 'बघून सांग' म्हणतो. पैसे पुरावेत म्हणून दर आठवड्याला एक बँक शिफ्ट, म्हणजे करारापलीकडची जादा ड्युटी, करते.

मागच्या आठवड्यात एका गुजराती आजींना रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल समजावून सांगायला बोलावलं. माझी गुजराती कामचलाऊ आहे. आजींनी उलट एक मोठा प्रश्न विचारला, तो मला अर्धाच कळला. डॉक्टर घाईत होते. मी 'त्यांना समजलंय' असं सांगून टाकलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. ड्युटी संपली की गाडीत बसून रडते आणि मग घरात जाते. परत यावं का भारतात?

एक सिस्टर, इंग्लंड

*

प्रिय सिस्टर,

परत यावं का, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी त्या आजींचं बघू, कारण ते काम थांबवून ठेवण्यासारखं नाही.

आजी आता घरी गेल्या असतील. त्यांना काय कळलं आणि काय कळलं नाही, याची शंका जगात फक्त तुला आहे. डॉक्टरांच्या लेखी त्यांना समजावून झालंय. त्यांचा तो मोठा प्रश्न कदाचित डोस चुकला तर काय करायचं याबद्दल असेल, कदाचित गुडघेदुखीच्या गोळीबद्दल असेल. त्या वयातल्या बायका दुकानातून आयब्युप्रोफेन आणून खातात हे तुला मी सांगायला नको, आणि ती या औषधाबरोबर घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका किती वाढतो हेही नको. तेव्हा पुढच्या ड्युटीची वाट न बघता वॉर्ड मॅनेजरला फोन कर आणि सरळ सांग: त्या पेशंटचा प्रश्न मला पूर्ण कळला नव्हता, इंटरप्रिटर घेऊन फार्मसिस्टने त्यांना पुन्हा समजावून सांगायला हवं, त्या घरी असतील तर फोनवर. एवढं केलंस की आजी सुरक्षित होतील. तुझी झोपही बरीचशी तिथेच अडकली आहे असं मला वाटतं.

मग डेटिक्स, म्हणजे तिथला इन्सिडंट रिपोर्टचा फॉर्म, भर. आपल्याकडून गेलेल्या मुली डेटिक्सला फार घाबरतात. आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत इन्सिडंट रिपोर्ट म्हणजे मेमो, मेमो म्हणजे मेट्रनच्या ऑफिसबाहेर उभं राहणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे त्या फॉर्ममध्ये घडलं ते लिहायचं असतं. तू लिहायचंस की ड्रग राउंड चालू असताना नर्सला मध्येच थांबवून दुभाषी म्हणून बोलावलं, तिची गुजराती या कामाला पुरेशी नव्हती, इंटरप्रिटिंग सेवेला फोन केलेला नव्हता. एवढंच. कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही आणि स्वतःलाही द्यायचा नाही. असे चार फॉर्म गेले की वॉर्डला काहीतरी करावंच लागतं. तोंडी कुरकुरीने काही होत नाही.

आता तुझ्या 'मी कोण' या प्रश्नाकडे येते. मी तुझं पत्र घेऊन बसले आणि तुझ्या अंगावरच्या जबाबदाऱ्या एकेक करून लिहून काढल्या. प्रत्येकीसमोर लिहिलं की हे काम खरं कुणाचं. यादी पूर्ण झाल्यावर जे दिसलं ते तुला तसंच सांगते. यातली निम्मी कामं तुझी नाहीत. त्या प्रत्येक कामाला पगारी माणूस आहे किंवा घरातला हक्काचा माणूस आहे. तो आपल्या जागेवर येत नाही, कारण तिथे तू आधीच उभी असतेस. हुशार आणि कष्टाळू बाईचं हे फार जुनं दुखणं आहे आणि परक्या देशात ते दुप्पट होतं, कारण तिथे आपण चांगलं दिसायला धडपडतो. 'इंडियन नर्स कधी नाही म्हणत नाहीत' हे वाक्य तूही वॉर्डात ऐकलं असशील. ते कौतुकाने म्हणतात, पण त्या कौतुकावर घर चालत नाही.

म्हणून वेळेचं नियोजन कर, डायरी ठेव, स्वतःसाठी अर्धा तास काढ, असले सल्ले मी तुला देणार नाही. तुझं नियोजन उत्तमच असणार, नाहीतर हा डोलारा दोन वर्षं उभा राहिला नसता. तुला कामं परत करायची आहेत, ज्याची त्याला.

पहिलं परत करायचं ते दुभाष्याचं काम. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी इंटरप्रिटर देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे, त्याचा खर्च हॉस्पिटल करतं आणि फोनवरचा इंटरप्रिटर बहुतेक वेळा काही मिनिटांत मिळतो. तुमच्या वॉर्डवर नर्सेस स्टेशनच्या फोनजवळ त्याचा नंबर आणि ॲक्सेस कोड लावलेला असेल, शोध. नसेल तर वॉर्ड क्लार्कला विचार. तो कागद नीट प्रिंट करून डॉक्टर बसतात त्या कॉम्प्युटरशेजारी लाव. पुढच्या वेळी हाक आली की 'नाही येत' म्हणायची गरज नाही. म्हणायचं, 'माझी गुजराती या कामाला पुरणार नाही, नंबर इथे आहे, मी लावून देते.' नंबर लावून द्यायचा आणि आपल्या राउंडवर परत जायचं.

इथे एक रेघ स्पष्ट आखून घे. आजींना पाणी हवं का, दुखतंय का, लेक कधी येणार, घाबरू नका, हे तू तुझ्या मोडक्या गुजरातीत खुशाल बोल. तिथे परक्या बिछान्यावर पडलेल्या म्हातारीला आपल्याकडचा एक शब्द कानावर पडला की किती बरं वाटतं हे मी वॉर्डावर स्वतः पाहिलंय, ते बंद करू नकोस. पण संमतीची सही, औषधातला बदल, डिस्चार्जच्या सूचना आणि वाईट बातमी, या चार ठिकाणी तुझं तोंड बंद. अगदी जिवावर बेतलेलं असेल आणि हाताशी कुणीच नसेल तेवढाच अपवाद. हिंदीतसुद्धा हाच नियम लाव, कारण हिंदी तुला येते म्हणून प्रशिक्षित दुभाष्याचं काम येतंच असं नाही. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, कोडमध्ये आपल्या क्षमतेच्या मर्यादेत राहून काम करा असं लिहिलंय, तेव्हा ही मर्यादा सांगताना तू नियमानेच वागते आहेस. आणि तो लाल एप्रन, ड्रग राउंडला घालतात तो, तुमच्याकडे असेल तर घालत जा. त्याच्यावर लिहिलेलं असतं की या नर्सला थांबवू नका. इतरांनी ते वाचावं.

इनचार्जचं काम थोडं वेगळं आहे. ते तुला येतं, आणि माझा अंदाज आहे की ते तुला आवडतंही. आयसीयू चालवलेल्या बाईला रात्रीचा वॉर्ड सांभाळणं कठीण नाही. त्रास याचा आहे की जबाबदारी तुझी आणि अधिकार कुणाचाच नाही. स्वतःचे दहा पेशंट सांभाळून शिवाय बेड कुठे रिकामा आहे ते बघायचं, कुणाचा न्यूज स्कोअर, म्हणजे प्रकृती बिघडत असल्याचा आकडा, वाढला तर डॉक्टरला बोलावायचं, सुट्टीवर गेलेल्या हेल्थकेअर असिस्टंटच्या जागी माणूस मागायचा. यात एखादी गोष्ट निसटली तर पिन तुझा आहे.

म्हणून इनचार्ज कर म्हणतील तेव्हा तीन गोष्टी माग. रोटावर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, तसं लिहिलेलं असावं. त्या रात्री स्वतःचे पेशंट कमी मिळावेत. आणि साइट मॅनेजरला ड्युटी सुरू होतानाच कळवलेलं असावं की आज वॉर्ड बँड ५ च्या हातात आहे आणि माणसं इतकी कमी आहेत. स्टाफ कमी असल्याचं त्याच रात्री डेटिक्समध्ये नोंदव. शिवाय तू ज्या ज्या रात्री इनचार्ज होतीस त्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेव, पेशंटची नावं बिलकुल नकोत, नुसत्या तारखा आणि स्टाफ किती होता ते. ही वही दोन ठिकाणी उपयोगी पडेल. बँड ६ ची जागा निघाली की मुलाखतीत, आणि तुझं रोजचं काम तुझ्या जॉब डिस्क्रिप्शनच्या पलीकडे गेलंय असं दिसलं तर जॉब इव्हॅल्युएशनची, म्हणजे कामानुसार बँड पुन्हा ठरवण्याची, मागणी करताना. ती मागणी करण्याचा मार्ग एनएचएसच्या वेतनपद्धतीतच आहे. त्यासाठी युनियन हवी. आरसीएन असो की युनिसन, कुठली तरी घे, आणि भांडण उभं राहण्याआधी घे. आधीच सुरू झालेल्या प्रकरणात नव्या सभासदाला मदत मिळणं अवघड जातं.

आयव्हीच्या सहीचा राग मात्र सोडून दे. प्रत्येक ट्रस्टचे, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेचे, पंप वेगळे, पॉलिसी वेगळी, आणि दुसऱ्या ट्रस्टमधून आलेल्या इंग्लिश नर्सलाही बहुतेक वेळा नव्याने सह्या घ्याव्या लागतात. त्यात तुझ्या नऊ वर्षांचा अपमान नव्हता.

आता घरचं. तुझ्या पत्रात मिस्टरांबद्दल एकच ओळ आहे, ते काय काम करतात आणि किती ते किती. मला ती ओळ खुपली. इंजिनिअर माणूस बायकोच्या व्हिसावर आला, वेअरहाऊसमध्ये खोकी उचलतो, त्याचं मन दुखावलेलं असणार हे तू जाणतेस आणि म्हणूनच घरातलं काही त्याच्यावर टाकायला कचरतेस, असा माझा तर्क आहे. तुझी ही माया मला कळते. तरी सांगते, घरातली कामं त्याच्यापासून लांब ठेवून त्याचा मान राहत नाही. तो दुपारी दोनला कामावर जातो, म्हणजे सकाळ त्याची आहे. मुलाला उठवणं, आंघोळ, शाळेत सोडणं, स्वयंपाक, मशीन लावणं, शाळेचे ईमेल वाचणं, हे दुपारी दीडपर्यंत होण्यासारखं आहे. डब्याचं तर तू ओझंच घेऊ नकोस. इंग्लंडमध्ये इयर टूपर्यंतच्या, म्हणजे साधारण सात वर्षांपर्यंतच्या, सगळ्या मुलांना सरकारी शाळेत दुपारचं जेवण मोफत असतं, तुझा मुलगा त्या वयाचा आहे. शाकाहारी ताट मिळतं. आवडत नाही म्हणून पहिले काही दिवस कुरकुर करेल, मग मित्रांबरोबर खाईल.

खरी अडचण संध्याकाळची आहे आणि ती कुणाच्या स्वभावाची नाही, सरळ घड्याळाची आहे. तुझा लाँग डे सकाळी साडेसात ते रात्री आठ. शाळा सव्वातीनच्या सुमारास सुटते, आफ्टर स्कूल क्लब बहुधा सहापर्यंत. मिस्टर दहानंतर येणार. सहा ते साडेआठ मुलगा कुठे असतो ते तू लिहिलं नाहीस, बहुतेक कुणा मैत्रिणीकडे. हे फार दिवस असं चालणार नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल वर्किंगसाठी अर्ज करता येतो, वर्षभरात दोनदा, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तू लेखी अर्ज कर. 'मला त्रास होतोय' असं मोघम लिहू नकोस. मिस्टरांच्या सुट्टीचे वार ठरलेले असतील तर तेच वार माग: या दोन दिवशी माझे लाँग डे ठेवा, उरलेले वीकेंडला किंवा नाइटला. वॉर्ड मॅनेजरला असा अर्ज आवडतो, कारण वीकेंड भरायला तिला माणूस हवाच असतो. इकडे मिस्टरांनीही आपल्या सुपरवायझरकडे सकाळची शिफ्ट मागून बघावी. दोघांपैकी एकाचं जमलं तरी ती अडीच तासांची फट बुजेल.

सासूबाईंना किंवा आईला बोलावून घेणं हा उपाय सगळ्यांना सुचतो. भेटीला जरूर बोलाव, व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. पण तिच्या भरवशावर रोटा आखू नकोस. ती भेट आहे, पाळणाघराची व्यवस्था नव्हे, आणि व्हिसा अधिकारीही तसंच बघतात.

आता वडिलांकडे येते. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे, तुझ्याशी नाही, तुझ्या भावाशी. पण पत्र तुझं आहे म्हणून तूच वाचून दाखव.

पहाटेचे तीन म्हणजे कराडला सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. भाऊ वडिलांना डायलिसिसला न्यायच्या गडबडीत असणार, हातात कालचा रिपोर्ट आला की तो फोटो काढून तुला पाठवतो आणि मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने काम झालं, कारण 'ताईला पाठवलंय'. तिथल्या नेफ्रॉलॉजिस्टला प्रश्न विचारणं राहूनच जातं. तू पाच हजार मैलांवरून क्रिएटिनिन बघून काय सांगणार? वडिलांचा चेहरा सुजलाय का, श्वास लागतोय का, वजन दोन डायलिसिसच्या मध्ये किती वाढलं, हे तिथे असलेल्या माणसालाच दिसतं. तुझ्या सांगण्याने एखादी गोळी कमीजास्त झाली आणि काही बिघडलं तर? वडिलांसाठी तू मुलगी राहा. त्यांना डॉक्टर आहे.

एक कागद करा. भावाने वडिलांच्या सगळ्या औषधांची नावं, डोस, वेळ मराठीत मोठ्या अक्षरात लिहायची. त्याच्याखाली ड्राय वेट (डायलिसिसनंतर असायला हवं ते वजन), पाणी दिवसाला किती चालेल, कुठल्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) आहे आणि त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, रक्त घ्यायचं नाही. त्याच्याखाली डायलिसिस सेंटरचा आणि डॉक्टरांचा फोन. हा कागद फ्रिजवर एक, वडिलांच्या खिशात एक, तुझ्याकडे फोटो एक. दम लागला, छातीत दुखलं, फिस्टुलाची थरथर लागेनाशी झाली तर लगेच सेंटरला फोन करून हॉस्पिटल गाठायचं, ताईला नंतर कळवायचं. आणि तुझा फोन आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, तुझ्या दुपारी, तिकडे संध्याकाळ असते तेव्हा. त्यात रिपोर्टची दहा मिनिटं आणि उरलेला वेळ वडिलांशी साध्या गप्पा. रात्री फोन सायलेंटवर. भावाला दोन आठवडे राग येईल. मग तो डॉक्टरांना विचारायला लागेल.

आणि पैसे. तू खासगी सेंटरचा खर्च पाठवतेस असं लिहिलंस, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हा आला की महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत विचारलंय का कुणी? डायलिसिस त्या योजनेत बसतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या हॉस्पिटलात उपचार कॅशलेस होतात. हॉस्पिटलात योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतो. भावाने रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं आणि विचारायचं की आमच्या भागात कुठल्या सेंटरला हे होतं, इंजेक्शनं त्यात येतात का. वडिलांनी सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्डही काढता येतं, ते २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं. सगळाच खर्च सुटेल असं नाही, जाण्यायेण्याची गाडी आणि काही औषधं राहतील. पण महिन्याचा आकडा खाली आला तर त्याचा परिणाम थेट तुझ्या बँक शिफ्टवर होतो, म्हणून हे काम भावाकडून याच महिन्यात करून घे. तुझं घर पुढे चालण्यातला हा सगळ्यात मोठा दुवा आहे.

कारण ती बँक शिफ्टच तुला खाते आहे. हिशोब मांडून दाखवते. तुझा करार आठवड्याला साडेसदतीस तासांचा, लाँग डेचे पगारी तास साडेअकरा. त्यात दर आठवड्याला आणखी एक शिफ्ट मिळवली की झाले ४९ तास. ब्रिटनच्या १९९८ च्या वर्किंग टाइम नियमांत सरासरी मर्यादा ४८ तासांची आहे. म्हणजे तू कधीतरी ऑप्ट-आउटच्या, म्हणजे ही मर्यादा मला नको अशा, कागदावर सही केलेली असणार, बहुतेक जॉइन होताना इतर पन्नास कागदांबरोबर. ती सही मागे घेता येते, लेखी नोटीस देऊन, आणि त्यावरून तुला कुणी त्रास देऊ शकत नाही. मी म्हणत नाही की उद्याच मागे घे. पण दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनवर ये. आणि ही बँक शिफ्ट तुझ्या व्हिसाच्या स्पॉन्सरशिपच्या दृष्टीने कशी धरली जाते हे एचआरला ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेव. व्हिसाच्या बाबतीत मैत्रिणींचं ऐकून चालत नाही.

सुट्टीही अशीच मोजून बघ. पहिल्या पाच वर्षांत २७ दिवस आणि वर आठ बँक हॉलिडे. ऐकायला महिनाभर वाटते. पण तासांत मोजली तर ते २७ दिवस म्हणजे साधारण सतरा लाँग डेच. आपल्याकडच्या मुली सगळी सुट्टी साठवून एकदम भारतात जातात, तिथे लग्नं, हॉस्पिटल आणि नातेवाईक यांत ती संपते आणि परत येतात त्या जास्त दमून. यंदा त्यातले चार-पाच लाँग डे बाजूला काढ, इंग्लंडमध्येच, मुलाच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत.

नव्या मुलींबद्दल तुला वाटेल की मी तेही सोड म्हणणार. ते सोडू नकोस. पत्रातलं हे एकच जादाचं काम आहे जे तुला पुढे नेतं. ओस्कीच्या दहा स्टेशनांची तयारी करून घेणं, हातांची स्वच्छता विसरू नकोस म्हणून दहादा बजावणं, मोठ्याने बोलत बोलत असेसमेंट कसं करायचं ते दाखवणं, हे शिकवणं आहे आणि ते तू उत्तम करत असणार. फक्त ते आज तुझ्या स्वयंपाकघरात, रात्री, फुकट होतंय. ते उजेडात आण. तुमच्या ट्रस्टमध्ये प्रॅक्टिस एज्युकेटर आहेत, त्यांना भेट, सांग की मी हे करते आहे, मला यासाठी ड्युटीचे तास मिळतील का? प्रॅक्टिस सुपरवायझर आणि मग प्रॅक्टिस असेसरचं प्रशिक्षण माग. अप्रेझलमध्ये लिहून घे. आयसीयूचा अनुभव अधिक शिकवण्याची नोंद, यातून एज्युकेटरची किंवा क्रिटिकल केअर आउटरीचची, म्हणजे वॉर्डांवरच्या गंभीर पेशंटकडे जाणाऱ्या टीमची, वाट निघू शकते, आणि तुझ्यासारखीला मेडिकल वॉर्डपेक्षा ती जागा शोभेल असं मला मनापासून वाटतं. भाड्याची खोली आणि बँकेचं खातं मात्र पास्टोरल सपोर्टच्या, म्हणजे नव्या स्टाफची सोय बघणाऱ्या, माणसाकडे पाठव. त्या मुलींनाही हॉस्पिटलशी स्वतः बोलायला शिकायला हवं.

गाडीत रडण्याबद्दल. ते मी हलक्यात घेत नाही. झोप जाणं, रोज रडू येणं, आपण कोण हेच न कळणं, हे एखाद्या पेशंटने तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घे. हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल हेल्थकडे बहुतेक ठिकाणी स्वतःहून जाता येतं. झोप लागत नाही असं डॉक्टरला सांगितल्याने व्हिसा जात नाही, पिनही जात नाही. ही भीती आपल्या मुलींमध्ये फार आहे आणि त्यापायी त्या वर्षानुवर्षं गप्प राहतात. सगळं नकोसं झालंय, जगणंच नको, असा विचार एकदाही मनात आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवड, रात्रीही चालतो. नाइट करून डोळे मिटत असताना गाडी चालवू नकोस. बसने ये. वॉर्डवर काही सांगायचंय आणि मॅनेजर ऐकत नाही असं झालं तर प्रत्येक ट्रस्टमध्ये फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन, म्हणजे स्टाफचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस, असतो, २०१५ च्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अहवालातून ही जागा आली. त्याचं नाव आजच बघून ठेव.

आता तुझा शेवटचा प्रश्न. परत यावं का?

येऊ शकतेस, आणि आलीस तर ती हार नव्हे. पुण्यात तुझ्यासारख्या आयसीयू सिस्टरला काम मिळेल. पण हा निर्णय आत्ता घेऊ नकोस. आत्ता तू तिथली नोकरी सोडायचं म्हणते आहेस की दुभाष्याचं, भावाचं आणि जादा बँक शिफ्टचं ओझं सोडायचं म्हणते आहेस, हे तुलाच वेगळं करता येणार नाही. आधी कामं परत कर. चार-सहा महिने जाऊ देत, नवा रोटा लागू देत, वडिलांची सोय होऊ देत. त्यानंतरही परत यावंसंच वाटलं तर तो विचार खरा समज. तोवर दोन कागदं तयार ठेव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी संपू देऊ नकोस, नूतनीकरण वेळेवर कर. आणि तुझा करार काढून त्यात नोकरी लवकर सोडली तर भरतीच्या खर्चाची रक्कम परत करण्याचं कलम आहे का, किती वर्षांचं आहे आणि रक्कम दरवर्षी कमी होते का, ते बघ. न कळलं तर युनियनला दाखव. मग मिस्टरांशी बोल, दोघांची सुट्टी एकत्र येईल अशा दिवशी, आणि त्यांना तिथे राहायचंय का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचार.

तुझी,
ताई